वांग्यांना बोंबलाचा वास

मी एक फळी बोलतेय. ओळख सांगायच्या आधीच तुम्ही नाक मुरडलंत, ते मी पाहिलं. मुरडा, मला सवय आहे. सागाची आहे मी, आणि माझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाईबाईंच्या सासऱ्यांची होडी मोडीत निघाली, तेव्हा तिच्यातून मला काढलं. सासऱ्यांनी स्वतः रंधा मारला, पाय ठोकले आणि नव्या सुनेला सांगितलं, हिच्यावर मासळी मांड.

तेव्हापासून मी कुलाब्याच्या बाजारात जाईबाईंपुढे. त्या माझ्यावर मासळीचे वाटे लावायच्या, ओल्या हाताने पाणी शिंपडायच्या. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं, की असं काही बोलायच्या की ते हसत हसत पिशवी पुढे करायचं. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाच्या सासूने अंथरूण धरलं, सगळं माझ्यासमोर बोललं जायचं. मला तर वाटतं, मासळी हे निमित्तच. जाईबाईंना माणसं लागत.

त्यांचे यजमान जयवंत मात्र दर्याला कंटाळले. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त यायचं. झाडांचं वेड त्यांना पहिल्यापासून. पत्र्यावर तेलाच्या डब्यांत मिरच्या लावायचे. शेवटी स्वतःची होडी विकून त्यांनी मुरबाडच्या पुढे शेत घेतलं. लेक मेघना आणि जावई मच्छीमार नगरातल्या खोलीत राहिले. मला टेम्पोत गाद्यांखाली कोंबलं.

शेत छान आहे, उगाच खोटं कशाला बोलू? जयवंत खूश. अजून तिथी बघून कामं करतात. उधाणाच्या दिवसांत मरमर राबतात आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ नसते तेव्हा, बांधावर निवांत बसतात. वांग्यांना भरती-ओहोटीचं काय, पण सांगणार कोण?

मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाले. आणि जाईबाई गप्प झाल्या. इतकी बोलकी बाई, दिवसभर तोंडातून शब्द नाही. मला फार वाईट वाटायचं. एक दिवस त्या जयवंतांना म्हणाल्या,

"मना इथं करमत नाय. होळीपर्यंत बघते, मंग मेघनाकडं जाते. तुमी इथं ऱ्हावा."

त्या दिवशी जयवंत जेवले नाहीत.

वांगी निघाली, तेव्हा जाईबाईंनी मला खुराड्यातून सोडवलं, धुतलं आणि गावच्या आठवडा बाजारात नेलं. सवयीने त्यांनी वांग्यांचे वाटे लावले, वर पाणी शिंपडलं. इथेच घात झाला. पाणी लागलं आणि माझा वास उठला. बायका वांगं उचलायच्या, हुंगायच्या, ठेवून पुढे जायच्या. शेजारचा टोमॅटोवाला फिदीफिदी हसला. घरी आल्यावर जाईबाईंनी मला चिंच आणि राख लावून खसाखसा घासलं. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतरच्या बाजारात एक म्हातारी आली. तिने वांगं हुंगलं आणि माझ्यापुढे फतकल मारूनच बसली.

"बाय, बोंबील कुठं लपिवलेस?"

बोंबील नाहीत, फळीचाच वास आहे, असं जाईबाईंनी ओशाळून सांगितलं. म्हातारीचा चेहरा उतरला. म्हणाली, इथे मिळतात त्या सुक्या बोंबलांत वाळू कचकचते, वांग्याचं कालवण फुकट जातं.

जाईबाईंचा हात कमरेवर गेला. किती महिन्यांनी!

"आमच्या बोंबलात वाळू? आजी, आमी वलांडीवर सुकवतो, बांबूवर टांगून. भुईला लागत बी नाय."

मग त्या बोलतच सुटल्या. चार बायका जमल्या. त्याच संध्याकाळी मेघनाला फोन गेला आणि दोन दिवसांत एसटीने बोंबलांचं गाठोडं आलं.

आता माझ्या अर्ध्या अंगावर बोंबील, अर्ध्यावर वांगी. बायका दोन्ही नेतात, घासाघीस करतात, घरची दुखणीखुपणी सांगत बसतात. टोमॅटोवालाही बोंबील नेतो, पण गुपचूप.

होळीच्या आदल्या दिवशी मेघनाने फोन करून विचारलं, आई, कधी येतेस? जयवंत विहिरीवर होते. पंप बंद करून ते तिथेच उभे राहिले.

"मना कसं जमल गो?" जाईबाई म्हणाल्या. "बुधवारी माझा बाजार असतो."

जयवंतांनी पंप पुन्हा सुरू केला.

मी आता थकलेय, एक पाय डुगडुगतो. पण कधी आमच्या बाजारात आलात, तर माझ्यापुढे घटकाभर टेका. काही घेतलं नाहीत तरी चालेल. जाईबाईंशी बोला मात्र.