हातावरचे पाणी

पाटोद्याहून डोंगराकडे वळणारा रस्ता खैरवाडीच्या वेशीपाशी थांबतो, आणि तेथून पुढे माळ सुरू होतो. गावात त्याला हवालदाराचा माळ म्हणतात. जमीन हवालदाराची कधीच नव्हती, ती गायरानाची. परंतु उत्तरेश्वर हवालदार फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन्ही टोकांना निमुळता असा एक लांबट चेंडू होता, आणि तो त्यांनी प्रथम याच माळावर टाकला. तो वेडावाकडा उसळताच जमलेली माणसे हसली.

"हवालदार, ह्यो चेंडू हाय का पपई?"

"पपईच हाय," हवालदार शांतपणे म्हणाले. "पन ती घेऊन त्या बाभळीपर्यंत पळून दाखव. मधी आमी उभे हाओत."

खैरवाडीच्या रग्बी मंडळाचा उगम असा झाला. पुढे पळायचे, पण चेंडू द्यायचा तो मागून येणाऱ्याच्याच हाती, हा नियम गावाने लवकर आत्मसात केला. कुस्तीत मुरलेल्या अंगांना समोरच्याला पाडणेही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पाडल्यानंतर वैर न धरणे. पहिल्याच सामन्यात बांधावरून अबोला असलेल्या दोन घरांतले तरुण एकमेकांवर आदळले, एकाचा ओठ फुटला, आणि बघता बघता काठ्या उपसल्या गेल्या. तेव्हा हवालदारांची पत्नी सरस्वतीबाई पाण्याने भरलेला तांब्या घेऊन माळाच्या मधोमध येऊन उभी राहिली. ज्याने पाडले होते त्याच्या हाती तिने तो दिला.

"घाल त्याच्या हातावर पानी. तुझ्यामुळं मातीत पडला, म्हंजी तुझा पाव्हना झाला. हात धुवा, एका ताटात भाकरी खा, अन् मंग काढा काठ्या."

भाकरी खाऊन झाल्यावर काठ्यांची आठवण कोणाला राहिली नाही. प्रसंगी सुचलेले ते बोल पुढे आचार होऊन बसले. सामना संपला की पाडणाऱ्याने पडलेल्याच्या ओंजळीवर पाणी घालायचे. आणि कोणाचे पाणी राहिलेच, तर ते घातले जाईपर्यंत त्या दोघांपैकी कोणीही माळावर उतरायचे नाही. हवालदार गेले, पण तांब्या सरस्वतीबाईंच्या घरी भिंतीतल्या देवळीत राहिला आणि आचारही राहिला.

मंडळाचा मोठा सामना भाऊबीजेनंतर होतो. ऊसतोडीचे ट्रक माजलगावाकडे निघण्याच्या आदल्या दिवशी 'जाणारे' आणि 'राहणारे' असे सात-सात जण उभे ठाकतात. जिंकतील त्यांच्याकडे पावसाळ्यापर्यंत चेंडू. मेंढरे घेऊन हिवाळ्यात गोदाकाठी उतरणारे धनगरही जाणाऱ्यांतच गणले जातात.

गिरणीवाला सोमेश्वर राहणाऱ्यांचा, आणि आश्रुबा धनगर जाणाऱ्यांचा. हवालदारांच्या हाताखाली दोघे एकाच दिवशी खेळू लागले होते. चार हिवाळ्यांपूर्वी सोमेश्वराने बाभळीपासून दोन पावलांवर आश्रुबाला पाडले. डाव निर्मळ होता. पण आश्रुबा उजव्या हातावर कोसळला आणि कोपराखाली हाड मोडले. लोकांनी त्याला जीपमध्ये घालून हाडवैद्याकडे नेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरच्यांनी कळप हलवला, आणि पाणी राहिले ते राहिलेच.

तेव्हापासून सोमेश्वर मैदानाच्या कडेला उभा राहून शिटी फुंकत असे. आश्रुबा परतला तरी माळाकडे फिरकला नाही. पूर्वी सामन्याच्या सकाळी त्याचीच मेंढरे माळभर फिरून गवत खुडून टाकत. आता ती ओढ्यापलीकडून वळसा घेत, आणि माळावर गुडघाभर कुसळ माजे. पाटोद्याच्या बाजारात एकदा दोघे समोरासमोर आले. सोमेश्वर दोन पावले पुढे झाला, तोच आश्रुबाने उजवा हात घोंगडीच्या आत ओढून घेतला आणि मान वळवली. ज्याला पाणी घ्यायचे नाही, तो हात झाकतो. खैरवाडीत याचा दुसरा अर्थ कोणीही काढला नसता. सोमेश्वरानेही काढला नाही.

या वर्षी राहणाऱ्यांतला हरिओम लग्नानंतर प्रथमच बायकोसह ऊसतोडीला निघाला. मागे सहाच उरले. बाकीचे तरुण पुण्याकडे, आणि गावात होते ते म्हातारे किंवा शाळकरी. सामन्याला एक दिवस राहिला असता सोमेश्वर सरस्वतीबाईंच्या ओसरीवर जाऊन बसला.

"काकू, सातवा मी उतरतो. न्हाईतर औंदा खेळच व्हत न्हाई."

म्हातारी शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही.

"पानी राहिलंय तुझं."

"तो हात पुढं करीना, त्याला मी काय करू? हात पुढं आल्याबिगर पानी कशावर घालू?"

"गेलता का त्याच्याकडं?"

"त्यानं हात झाकला, काकू. भर बाजारात."

"गेलता का, ते इचारलं मी."

सोमेश्वराने सुपातली एक शेंग उचलली. गेला नव्हता. पडलेल्याने आधी ओंजळ पुढे करायची आणि मगच तांब्या कलता करायचा, असे तो मनाशी धरून बसला होता; आणि चार वर्षे त्या क्रमामागे त्याने आपला संकोच सुखरूप दडवून ठेवला होता.

"आधी हातच पुढं यायचा ना, काकू? तुमीच तर रीत घातली."

सरस्वतीबाईंनी सूप बाजूला ठेवले. "पहिल्या दिशी हात आधी आला का तांब्या, ते खरंच ध्येनात न्हाई बाबा. लई गलका व्हता. मला आपलं त्यांचं भांडन थांबवायचं व्हतं." मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली, देवळीतला तांब्या काढून पदराने पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "सहा जन खेळवनार न्हाई मी. अन् पानी राहिलेला बी न्हाई. जा."

आश्रुबाचा तळ ओढ्यापलीकडच्या पडीक रानात होता. कळप कोंडण्यासाठी लावलेली जाळी, जिला धनगर वाघर म्हणतात, ती उन्हात सैलावली होती. आश्रुबाची बायको केशरबाई दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तांब्या पाहताच तिचा हात थांबला.

"या भावजी," ती हळूच म्हणाली. "लई दिसांनी वाट सापडली."

आश्रुबा एका कोकराचा खूर तपासत बसला होता. त्याने कोकरू सोडले, आणि उजवा हात नकळत घोंगडीत गेला.

"काय बे, दळन मागाया आला का?"

"पानी घालाया आलोय."

"आता? चार वर्सांनी? कावून, गिरनी बंद पडली का?"

"तू हात झाकलास बाजारात. मला वाटलं, तुला नको हाय."

आश्रुबा हसला, पण त्या हसण्यात ओलावा नव्हता. "अन् मला वाटलं, तू येतच न्हाईस म्हंजी इसरलास. आलातास का माझ्या दारात एकदा तरी?"

"न्हाई."

"मंग?"

सोमेश्वराने रांजणातले पाणी तांब्यात घेतले आणि तो आश्रुबासमोर उकिडवा बसला. आज हात पुढे येण्याची वाट न पाहता त्याने तांब्याच पुढे धरला. आश्रुबाने डावा हात पुढे केला.

"दोनी."

"एकावरच घाल."

"ओंजळीवर घालायचं असतं, आश्रुबा. तुला काय सांगावं मी?"

"हुत न्हाई ओंजळ!" आश्रुबा एकाएकी ओरडला. जाळीपाशी निजलेले कुत्रे उठून उभे राहिले. मग त्याने घोंगडी झटकली आणि उजवा हात बाहेर काढला. हाड जुळले होते, पण वाकडे. तळवा जमिनीकडे होता. त्याने दात आवळून तो वर फिरवण्याचा यत्न केला. खांदा वळला, मान वळली, पण तळवा आकाशाकडे फिरला नाही.

"बघ. असाच ऱ्हातो. काठी धरतो, दूध काढतो, समदं करतो. पन पानी घ्यायला फिरत न्हाई. चार लोकांत हा पालथा हात तुझ्यापुढं केला, तर काय दिसंल? नको म्हनल्यावानी दिसंल. तुझा अपमान केल्यावानी. त्यापरीस झाकलेला बरा."

सोमेश्वर त्या हाताकडे पाहत राहिला. बाजारातला तो क्षण त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहिला. त्याने ज्याला नकार मानले होते, ती आश्रुबाने राखलेली सोमेश्वराचीच अब्रू होती.

त्याने तांब्या खाली ठेवला.

"केशरवैनी, जरा हिकडं या. तुमी घाला."

"मी?" केशरबाई पिठाचे हात झटकत उठली. "माझ्यानं कसं व्हईल? रीत तर..."

"घाला वो."

आश्रुबाचा डावा हात पुढे आलेलाच होता. सोमेश्वर त्याच्या शेजारी उजवीकडे सरकून बसला आणि त्याने आपला उजवा हात त्या हाताच्या कडेला लावला. एक हात मेंढरांच्या लोकरीने मऊ झालेला, दुसऱ्याच्या रेघांत पीठ बसलेले; दोन्हींची ठेवणही निराळी. तरी करंगळीला करंगळी भिडली आणि दोन माणसांची मिळून एक ओंजळ झाली. केशरबाईने तांब्या कलता केला. पाणी क्षणभर साचले आणि मग मधल्या फटीतून खाली गळू लागले.

"धड धर की बे," आश्रुबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चेंडू बी असाच सुटायचा तुझ्या हातातनं."

"तू हात आखडतोस."

"मी आखडतो? तुझीच बोटं काटकुळी!"

"भांडा आता," केशरबाई डोळे टिपत म्हणाली. "पानी संपलं, भांडा खुशाल." मग तिने एका ताटात दोन भाकऱ्या वाढल्या.

सांजवेळी सोमेश्वराने तांब्या सरस्वतीबाईंच्या हाती परत दिला आणि झाले ते काही न लपवता सांगितले. पाणी आपण घातलेच नाही, केशरबाईने घातले, हेही सांगितले. म्हातारीने रिकाम्या तांब्यात डोकावून पाहिले. रीत तिच्या मुखातून निघाली होती. ती मोडली की पाळली गेली, हे ठरवणेही तिच्याकडेच होते.

"तुझा हात भिजला का?" तिने विचारले.

"भिजला."

"त्याचा?"

"त्याचा बी."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि तांब्या देवळीत उपडा घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगरावर येण्याआधीच माळावर घंटांचा नाद उठला. ओढा ओलांडून आश्रुबाचा कळप चालून आला होता, आणि वाढलेले गवत मेंढरे माना खाली घालून खुडत होती. बाभळीखाली आश्रुबा उभा होता. घोंगडी खांद्यावर दुमडलेली होती, दोन्ही हात उघडे, आणि उजव्या हातात, तळवा खाली करून, त्याने शिटी धरली होती. सोमेश्वर सहा जणांच्या पाठोपाठ, सातवा म्हणून, माळावर उतरला.