बोटभर जागा

"टायर आणि फ्रेममध्ये बोट शिरलं पाहिजे, फेमके. चिखलाला निसटायला जागा हवी," ओडिलकाकांनी बजावलं होतं. पण रस्त्यावरची सायकल चिखलातल्या शर्यतीसाठी तयार करताना फेमकेने सर्वांत जाड टायर बसवले आणि "शिरतं हो काका!" असं ठोकून दिलं.

रविवारी दुसऱ्याच फेरीत चिखल अडकून चाक थांबलं. ती सायकल खांद्यावर घेऊन धावू लागली.

"अगं, तू सायकलवर बसायचंस, तिने तुझ्यावर नाही!" दोरीपलीकडून कोणीतरी ओरडलं.

पुढे काका काडी घेऊन उभेच होते. त्यांनी चाकातला चिखल उकरला.

फेमकेने मान खाली घातली. "काका, बोट शिरत नव्हतं. मी खोटं बोलले."

"ठाऊक होतं गं. म्हणून तर काडी आणली."

फेमकेला त्या चिखलातच गडप व्हावंसं वाटलं.