न थांबणारी मोटर

मित्रांनो, मी सणसरच्या मोहनरावांच्या विहिरीवरची एक जुनी मोटर आहे. माझं कौतुक ऐकायला मिळेल म्हणून आला असाल, तर आधीच सांगते, मला माझीच शिसारी आली आहे.

कंपनीतून आले तेव्हा माझ्या अंगावर हिरवा रंग होता आणि पाठीवर इंग्रजी नाव, 'इन्सेसंट'. मोहनरावांची सून वृषाली शाळेत इंग्रजी शिकवते. तिने अर्थ सांगितला, न थांबणारं, अखंड चालणारं. शब्द मूळचा लॅटिन. त्यातलं 'इन' म्हणजे नाही आणि 'सेस्सारे' म्हणजे थांबणं. त्याच्याही मुळाशी मागे सरण्याचा अर्थ आहे, असंही ती म्हणाली. मोहनरावांनी माझ्यापुढे नारळ फोडला आणि ही आता थांबायची न्हाय, असं गावभर सांगत सुटले. मीही फुगले.

मग त्यांनी मला ऑटो बसवला. वीज आली की मी आपोआप सुरू. पाणी दिल्यावर जमिनीला वाफसा येऊ द्यावा, म्हणजे जादा पाणी निचरून मुळांना हवा मिळू द्यावी, हे मोहनरावांना चांगलं ठाऊक होतं. पण शेजारची मोटर चालू असताना आपली बंद ठेवायला त्यांना कमीपणा वाटे.

उसाच्या सऱ्या तुंबल्या. पाण्यावर शेवाळ धरलं, अळ्या वळवळू लागल्या, कुजक्या मुळांचा वास सुटला. त्या घाणीत मी आणखी पाणी ओतत राहिले. शी! ते सगळं खालच्या पट्ट्यात उतरे. तिथे मोहनरावांच्या बायकोची, सिंधुबाईंची वांगी होती. ऑटो काढा म्हणून त्या सारख्या सांगत. मोहनराव हसण्यावारी नेत. वांगी पिवळी पडून गेली आणि उन्हाळ्यात तिथे जमिनीवर क्षारांचा पांढरा थर फुटला.

एका दुपारी मोहनराव विहिरीजवळ जेवायला बसले. सिंधुबाईंनी तो थर खरवडून आणला आणि भाकरीशेजारी मिठाच्या जागी ठेवला.

"घ्या तोंडी लावून," त्या म्हणाल्या. "तुमच्या मोटरीनं पिकवलंय."

मोहनरावांना थट्टा वाटली. त्यांनी बोट लावून चाटलं आणि थुंकले. खालच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी आपल्या हाताने ऑटो काढला.

आता उसाला वाफसा येतो. वांग्यांच्या पट्ट्यात मात्र काही उगवत नाही. सिंधुबाई माझ्याजवळून जाताना तोंड फिरवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मित्रांनो, न थांबणाऱ्याला नारळ फोडण्याआधी त्याच्या खालच्या अंगाला कुणाची वांगी आहेत, तेवढं बघा. मला थांबवायला एक बोट पुरेसं होतं.