उत्तर आलं की हाक मार

"कोणाचाही विश्वास बसणार नाही, म्हणून तर सांगतो," म्हणत आप्पांनी नव्या जावयासमोर मांडी ठोकली.

तरुणपणी आप्पा प्रोग्राम लिहीत. एका बसमालकासाठी त्यांनी तिकिटांचा प्रोग्राम केला होता, आणि त्याच मालकाची मुलगी त्यांच्या मनात भरली होती; मागणीही घालून झाली होती. पण गोची अशी, की बटण दाबलं की प्रोग्राम दूरच्या सर्व्हरच्या दारात उत्तरासाठी ताटकळत उभा राही आणि इकडे संगणकाचा सगळा पडदा गोठून जाई. मालक कडाडले, "पुन्हा गोठला, तर तुमचा प्रोग्रामही नको आणि तुम्ही जावई म्हणूनही नको!"

आप्पांची पाचावर धारण बसली. मग त्यांनी अक्कल लढवली. प्रोग्रामने सर्व्हरला सांगायचं, "उत्तर तयार झालं की हाक मार," आणि तिथे न थांबता पडद्याची चाकरी करायला परत यायचं.

"झालं! दुसऱ्या दिवशी मालकांनी बटण दाबलं. सर्व्हर एवढा मठ्ठ, की उत्तर येईचना. पण पडदा बोट लावाल तिथे हलतोय! मालक खुशाल खिडकीची जागा बदलतायत, वेळापत्रक चाळतायत. वाट बघता बघता त्यांच्या मिशा वाढून टेबलाला टेकल्या, जावईबापू! तेवढ्यात हाक आली, तिकीट निघालं. मिशांना पीळ भरत म्हणाले, 'मुलगी दिली!'"

जावयाने आ वासला. स्वयंपाकघरातली सुरी थांबली.

"अहो, थापा मारा, पण बेतानं!" आतून आवाज आला. "माझ्या बाबांना उभ्या जन्मात मिशी नव्हती!"