मध्ये जाहिरात नाही

बोलता बोलता माणूस रडायला लागला आणि नेमकी साबणाची जाहिरात वाजली, असं ताईंच्या कार्यक्रमात अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. रोज दुपारी तीन ते चार. घरात आजारी माणूस सांभाळणारे लोक रेडिओवर फोन करायचे, ताई ऐकून घ्यायच्या. खर्च श्रोत्यांच्या वर्गणीतून निघायचा. पण वर्गणीदार म्हातारे होत गेले, काही निवर्तले, आणि वर्गणी आटली.

एके दिवशी व्यवस्थापक स्मरणशक्तीच्या काढ्याची बाटली घेऊनच स्टुडिओत आले.

"कंपनी वर्षाचा सगळा खर्च उचलतेय. मध्ये थांबायचं नाही. फक्त बोलण्याच्या ओघात तुम्ही नाव घ्यायचं."

"म्हणजे जाहिरातच की."

"मग कार्यक्रम बंद करायचा का?"

ताईंनी बाटली घरी नेली. विसरायला लागलेल्या आईने दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं, तिसऱ्याला काही केल्या तोंड उघडलं नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून ताई माईकवर सांगू लागल्या, "मीही घरी आईला देते हो." पहिल्यांदा जीभ अडखळली. मग अंगवळणी पडलं.

एक शिंपीदादा दर मंगळवारी फोन करायचे. बायकोला विसरण्याचा आजार. तिला मशीनशेजारी बसवून ते कपडे शिवायचे. मध्ये दीड महिना त्यांचा फोन नव्हता. आला तेव्हा आवाज पार बसलेला होता.

"ताई, गोळ्यांनी तिला मळमळायचं. तुमच्या आईंना काढा लागू पडला, म्हणून गोळ्या बंद केल्या. गेले तीन दिवस ती मला ओळखत नाही. घरात परका पुरुष शिरलाय म्हणते, दाराशी जाऊन उभी राहते. तुम्ही आईंना किती चमचे देता? माझंच काही चुकतंय का?"

काचेपलीकडून व्यवस्थापकांनी पुढचा फोन घ्यायची खूण केली. ताईंनी फोन चालूच ठेवला.

"दादा, आजच्या आज डॉक्टरांकडे जा. आणि ऐका, मी आईला काढा देत नाही. दोन चमचे दिले होते, तेवढेच. कंपनी कार्यक्रमाला पैसे देते म्हणून मी तसं सांगत आले. तुमचं काही चुकलेलं नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

कंपनीने त्याच दिवशी हात काढून घेतला. श्रोत्यांची पत्रं आली, बहुतेक खरमरीत. एका बाईंनी लिहिलं, 'खोटंच सांगायचं होतं तर सरळ जाहिरात लावायची. जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा ते आम्हाला कळतं.' त्याच पाकिटात त्यांनी वर्गणीही पाठवली होती. असे वर्गणी पाठवणारे थोडेच निघाले. आठवड्यातून एक तास, शनिवारचा, एवढंच त्यात भागणार होतं.

ताई पत्ता काढून शिंपीदादांच्या दुकानात गेल्या. त्यांनी कापडावरची नजर उचलली नाही.

"गोळ्या परत सुरू केल्या. कधी ओळखते, कधी नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू असत्या तरी कदाचित हे झालंच असतं." कात्री थांबली. "कदाचित. ते मला आता कधी कळायचं नाही."

ताईंना माफी मागायची होती, पण ती मागून आपलंच ओझं हलकं होईल असं वाटून त्या गप्प राहिल्या.

"तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "पण मी आता रेडिओ लावत नाही."

त्यांच्या बायकोने ताईंकडे पाहिलं आणि आपल्या शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. ताई बसल्या. दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसल्या.

शनिवारी तीन वाजता हा तास कोणाच्या पैशांवर चालतो ते त्यांनी आधी सांगितलं, आणि मगच पहिला फोन घेतला.