सगळ्यांची झडती

फाटकावरच्या पहारेकऱ्याने कटिंग मास्तरांची पिशवी टेबलावर उपडी केली. डबा निघाला, चष्म्याचं घर निघालं आणि शेवटी केसांच्या काळ्या रंगाची डबी गडगडत खाली पडली. रांगेत खसखस पिकली. डबी उचलायला वाकलेले मास्तर कानापर्यंत लाल झाले.

बायकांच्या रांगेतून त्यांची बायको हे बघत होती. ती याच कारखान्यात कॉलर शिवायची. इतकी वर्षं सुटताना फक्त बायकांच्या पिशव्या उपड्या व्हायच्या; चोरी काय ती बायकाच करतात, असा मालकांचा समज. शेवटी ती कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, स्त्री-पुरुष असा भेद करू नका. मालक मोठे आज्ञाधारक निघाले, त्यांनी सगळ्यांचीच झडती सुरू केली. आता बायकाही म्हणत होत्या, भीक नको पण कुत्रा आवर.

"तुमच्यामुळे आमच्या अब्रूचे धिंडवडे निघाले, वहिनी," मास्तरांच्या मागचा इस्त्रीवाला म्हणाला.

"आणि आमची अब्रू इतकी वर्षं काय खुंटीला टांगली होती?"

तिथून ती तडक वकीलबाईंकडे गेली.

"अहो, आपण जिंकलो की! समानता मागितली, मिळाली."

"त्यांच्या पिशव्या उघडा असं मी कधी म्हटलं? माझी बंद राहू दे म्हटलं होतं."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "स्वातंत्र्याचा मुद्दा मी घेतलाच नाही. समानतेचा सोपा वाटला. चुकलंच माझं. नवा अर्ज करू, पण वेळ लागेल."

"माझे हक्क दोन होते, बाई. तुम्ही एकच मागितलात."

घरी मास्तर ताटावरून मान वर न करता म्हणाले, "झडती नाकारेल त्याला काढणार, पाटी लागलीय. दोघांची नोकरी गेली तर खायचं काय? एकाने तरी गप्प बसावं."

"मग तुम्ही बसा."

तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने रिकामा डबा पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड मशीनखाली सरकवलं. कॉलरला घालायची तसेच बारीक, घट्ट टाके घातले. टोकं पक्की करायला मोठी सुई शोधली, ती काही सापडेना. मग तिने दातांनीच दोरा तोडला.

सुटताना तिने पिशवी टेबलावर ठेवली.

"हे काय, ताई? उघडा."

"तूच उसव. पण कुठल्या कायद्याने उसवतोस, ते आधी सांग."

पहारेकऱ्याने शेजारी उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

तेवढ्यात तिच्या पिशवीशेजारी आणखी एक पिशवी येऊन बसली. तिचंही तोंड शिवलेलं होतं. जन्मभर कात्री चालवलेल्या हाताचे लांब, वेडेवाकडे टाके. सुई कुठे गेली होती ते तिला आत्ता कळलं.

"मग मीही येत नाही," मास्तर म्हणाले.

ती त्या टाक्यांकडे बघतच राहिली. साहेब काही बोलणार, एवढ्यात मागून इस्त्रीवाल्याचा आवाज आला.

"मास्तर, ती सुई जरा इकडे द्या."