फिकी भिंत

सुनेला घराच्या दुरुस्तीतून काय मिळणार होतं ते मोजायला एक बोटही पुरलं असतं: एक दार. तिच्या खोलीला लागून अडगळीची खोली होती, सामान टाकायला हॉलमधून नुसती एक छोटी खिडकी असलेली, आणि तिचं एकुलतं जुनं दार थेट जिन्यात उघडत होतं, कित्येक वर्षं खिळे ठोकून बंद केलेलं. मधली भिंत पडली की ते दार तिचं. मग बाहेर पडायला हॉल ओलांडायची गरज नाही.

हॉलमध्ये सासरे बसत. त्यांची उभी हयात कारखान्याच्या फाटकावर आल्यागेल्याची नोंद करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर फाटक सुटलं, नोंद काही सुटली नाही.

"कुठे निघालीस?"

"कोपऱ्यावर, बाबा. दोरा आणायला."

"परवा आणलास की."

"तो काळा होता."

माणूस वाईट असता तर चार भांडणं करून मोकळं होता आलं असतं. पण हिला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा, हिच्या पहिल्या पगाराची पावती कपाटात जपून ठेवणारा माणूस. त्याला 'मला तुमच्या डोळ्यांसमोरून जायचं नाही' हे कुठल्या तोंडानं सांगणार? नऊ वर्षं ती नुसतं दोऱ्याचे रंग बदलत होती.

सून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं करायची. संगणकावर अख्खी इमारत उभी करायची, कुठली भिंत जुनी, कुठली पाडायची, कुठली नवी हे एकेका भिंतीवर नोंदवून ठेवायचं, की नकाशे त्यावरून निघतात. पाडायची भिंत आरपार दिसेल इतकी फिकी ठेवायची ही तिथली पद्धत. काय जाणार तेही दिसतं, गेल्यावर पलीकडे काय उरेल तेही. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात खुणांची सूची: फिकं ते पाडायचं. "सूची नसलेला नकाशा म्हणजे लेबल नसलेली औषधाची बाटली," साहेब म्हणायचे. "पिणाऱ्याच्या नशिबावर सोडलेली."

बाथरूमचा पाइप गळायला लागला आणि घराची दुरुस्ती निघाली. हिनं घराचं मॉडेल केलं आणि त्यातून ती भिंत सरळ गायबच करून टाकली. सासऱ्यांनी चष्मा लावून पडद्यावरच्या खोल्या मोजल्या.

"माझी भिंत कुठाय?"

"बाबा, ती काढली तर जागा मोकळी होईल."

"तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वर्षी रजा काढून बांधलीय मी ती. गवंडी नाही लावला, एकेक वीट या हातांनी रचली. तिला पाडायचं तर आधी मला पाडा."

"ऐकतोयस ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी तटस्थ आहे," नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. लग्नापासून तो त्याच पक्षात होता.

मग तिनं पडद्यावरची एक पट्टी सरकवली. भिंत परत आली, पण धुक्यासारखी.

"ही बघा, आहे ना?"

"आहे. पण अशी फिकी का?"

"जड वाटू नये म्हणून."

औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षरही वाचणारा माणूस. हे जाणून तिनं कागद छापण्याआधी कोपऱ्यातली सूची पुसून टाकली. ऑफिसात असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी नसती. सासऱ्यांनी खाली सही केली, सवयीप्रमाणे तारीख आणि वेळ घालून. तिचा बेत सोपा होता. मिस्त्रीला तोंडी सांगायचं, भिंत पडू द्यायची, आणि नंतर हळहळायचं: 'बाबा, मिस्त्रीनं घोळ घातला हो.' मिस्त्री चार दिवसांचा पाहुणा. शिव्या खाऊन निघून जाईल.

"फिकी दिसतेय ना, ती काढायची," तिनं मिस्त्रीला कागद देताना बजावलं, आणि ऑफिसच्या कामाची मापं घ्यायला ती तीन दिवस बाहेरगावी गेली.

मिस्त्रीनं घण घातला. चार विटा निखळल्या आणि सासरे धावत आले.

"अरे थांब! ही भिंत राहणार आहे. सही केलीय मी!"

"काका, वहिनींनी काढायला सांगितलीय."

"आणि मला राहणार म्हणाली. बघ, दाखवलीय की कागदावर!"

दोघं कागदावर वाकले. कोपऱ्यात काही लिहिलेलं नव्हतं. भिंत होती, आणि भिंतीतून पलीकडची खोली दिसत होती. मिस्त्री डोक्यानं तल्लख. त्यानं कपाळावर हात मारला.

"काका, दोघंही बरोबर! विटा काढायच्या आणि काच बसवायची. अजिबात जड वाटणार नाही."

"अस्सं होय!" सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

सून परतली तेव्हा जमिनीपासून छतापर्यंत काच उभी होती. जाड, पक्की, चारी कडांनी बंद. पलीकडे जिन्याचं दार सताड उघडं होतं. एवढी मोठी काच आणायला खिळे उपसावेच लागले होते. दार चार हातांवर, आणि हात लावायची सोय नाही. दाराशेजारी सासऱ्यांची खुर्ची. ते हॉल सोडून तिकडे बसायला आले होते, उजेड चांगला म्हणून. तिला पाहून त्यांनी आनंदानं हात हलवला.

"नकाशात होतं तस्संच," मिस्त्री म्हणाला. "एका सुताचा फरक काढून दाखवा, वहिनी."

"बाबांना खरं सांगून टाक," नवरा कुजबुजला.

"तू सांग."

"मी तटस्थ—"

"माहितीय."

ती वळसा घालून पलीकडे गेली. "बाबा, खरं तर मला…"

"बोलू नकोस, आधी ऐक," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज जरा हललाच. "मला वाटलं होतं, गोड बोलून पाडणार ही माझी भिंत. खोटं कशाला बोलू, संशय घेतला मी तुझ्यावर. आणि तू तर ती ठेवून वर उजेड आणलास! सगळ्या जिन्याला बोलावून दाखवली मी. आता एकटं वाटत नाही बघ. मान वर केली की तू दिसतेस."

काचेला पडदा लावायचा विषय तिनं आठवड्यानं काढून पाहिला. "उजेड अडेल," ते म्हणाले, आणि प्रश्न मिटला.

तर ताळा असा: मिस्त्रीला नाव मिळालं, त्याच जिन्यातल्या दोन घरांनी त्याला काचेसाठी बोलावलं. नवऱ्याला शांतता मिळाली. सासऱ्यांना उजेड, सोबत आणि एक गुणी सून. काचेवर मात्र बोटांचे ठसे फार उमटतात. आतली बाजू ती सकाळी पुसते. मग खोली, हॉल, मोठं दार, जिना असा वळसा घालून बाहेरची बाजूही तीच पुसते, आणि सासरे खुर्चीतून राहिलेले डाग दाखवतात.